ज्या संगीतात काहीच घडत नाही



बडोद्याच्या एका श्रोत्यांनी मला विचारलं, "कर्नलसाहेब, तुम्ही बोलता बोलता टँजरीन ड्रीमचं नाव घेतलंत, म्हणून मी ते लावलं. सतरा मिनिटं बसून ऐकलं. काहीच घडलं नाही. गाणं सुरू कधी होतं?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या घरातही तो विचारून झालाय, फक्त शब्द वेगळे होते. सौ.नी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं होतं, "फ्रिज पुन्हा बिघडला का हो?" तर आजचा भाग या फ्रिजच्या संगीतावर. शब्द नाहीत, गायक नाही, मुखडा-अंतरा नाही, बरेचदा ठेकाही नाही. एक सूर धरलेला, त्यावर काहीतरी हळूहळू सरकतंय, आणि हे असं वीस-वीस, तीस-तीस मिनिटं. तरी गेली पन्नास वर्षं जगभरची माणसं हे ऐकतायत, दिवे मालवून ऐकतायत. का ऐकतात, ते मी माझ्या परीनं सांगतो. मी संगीततज्ज्ञ नाही. मी सिग्नल्सचा माणूस आहे, आयुष्य वायरलेसमध्ये गेलं, आणि माझं म्हणणं असं की हे संगीत समजायला ती बाजू बरीच उपयोगी पडते.

हे सुरू झालं पश्चिम बर्लिनमध्ये, १९७० च्या आसपास. जर्मन लोक त्याला 'कॉस्मिशे म्युझिक' म्हणू लागले, म्हणजे ब्रह्मांडाचं संगीत. पुढे त्यातल्या एका शाखेला 'बर्लिन स्कूल' असं नाव पडलं. त्यात तीन नावं लक्षात ठेवा: एडगर फ्रोझ यांनी १९६७ मध्ये काढलेला टँजरीन ड्रीम हा गट, त्या गटाच्या पहिल्या रेकॉर्डवर ड्रम वाजवून बाहेर पडलेले क्लाउस शुल्झ, आणि ॲश रा टेंपल या गटातले गिटारवादक मॅन्युएल गॉटशिंग.

आता, ब्रह्मांडात आवाज असतो का? नसतो. निर्वात पोकळीत ध्वनी जातच नाही. मग हे ऐकताना आकाश का डोळ्यांसमोर येतं? याचं उत्तर आपल्या कानात आहे. कान नुसता आवाज ऐकत नाही, तो अंतर मोजतो. आमच्याकडे प्रत्येक जवानाला हे माहीत असतं: समोरच्या डोंगरावर तोफेची चमक दिसली की मनात मोजायला लागायचं. तीन सेकंदांनी आवाज आला तर तोफ साधारण एक किलोमीटरवर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्याचा हा हिशेब. घुमाऱ्याचंही तसंच. खोलीत टाळी वाजवली तर आवाज लगेच विरतो. विजापूरच्या गोल घुमटात वाजवली तर ती फिरून फिरून परत येते, आणि डोळे मिटलेले असले तरी आपल्याला कळतं की डोक्यावर प्रचंड पोकळी आहे. बर्लिनच्या या मंडळींनी नेमकं हेच साधलं. त्यांनी सुरांना टेप-एकोमधून आणि कृत्रिम घुमाऱ्यातून काढलं. आवाज परत यायला इतका वेळ लागतो की कान म्हणतो, इथे भिंती खूपच लांब आहेत. बाकीचं चित्र मन काढतं.

यंत्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे मला घरच्यासारखं वाटतं. रॉबर्ट मूग यांनी अमेरिकेत १९६४ मध्ये जो सिंथेसायझर बनवला, तो उघडून बघितला तर त्यात वायरलेस सेटमधलेच नातेवाईक भेटतात. ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारं सर्किट. फिल्टर, म्हणजे त्या सुरातला वरचा किंवा खालचा भाग गाळून टाकणारी चाळणी. ॲम्प्लिफायर तर सगळ्यांना ठाऊक आहे. हे भाग पॅच-कॉर्डनं एकमेकांना जोडायचे. फील्ड एक्स्चेंजवर बसलेल्या ऑपरेटरला हे चित्र बघून हसू येईल.

ऑसिलेटरचा एक जुना रोग आहे. तो तापला किंवा गारठला की त्याची फ्रीक्वेन्सी सरकते. आम्हाला हे परवडणारं नसायचं, म्हणून चांगल्या सेटमध्ये क्वार्ट्झचा क्रिस्टल एका छोट्या डबीत ठेवून ती डबी ठरावीक तापमानाला गरम ठेवतात. तिला क्रिस्टल ओव्हनच म्हणतात. मूगच्या त्या काळच्या यंत्रात अशी सोय नव्हती, त्यामुळे ते सुरात लावायलाच खूप वेळ जायचा. १९७३ च्या शेवटी टँजरीन ड्रीमचे तिघे, म्हणजे फ्रोझ, क्रिस्टोफर फ्रांके आणि पीटर बाउमान, इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या मॅनर स्टुडिओत 'फेड्रा' ही रेकॉर्ड करत होते. शीर्षकाची रचना वाजवता वाजवता यंत्रं तापली आणि ऑसिलेटर हळूहळू सरकायला लागले. त्यांनी ते तसंच ठेवलं. रचनेच्या शेवटाकडे जे विरघळल्यासारखं, पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं, त्यातला काही भाग या तापलेल्या सर्किटांचा आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत ही रेकॉर्ड आली आणि जाहिरात जवळजवळ नसताना ब्रिटनच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेली. बडोद्याच्या श्रोत्यांनी ऐकली ती हीच सतरा मिनिटं.

व्हिडिओत मी इथे दोन सूर वाजवून दाखवले होते; वाचकांनी ते मनात आणावेत. एक सूर सेकंदाला २२० कंपनांचा, दुसरा २२०.५ चा. दोन्ही एकदम वाजले की वेगळे ऐकू येत नाहीत. एकच सूर ऐकू येतो आणि तो दर दोन सेकंदांनी फुगतो, ओसरतो. श्वास घेतल्यासारखा. सेट जुळवताना आम्ही हाच खेळ करायचो, ती घालमेल कमी कमी करत शून्यावर आणायची. संगीतवाल्यांना ती शून्यावर आणायची नसते. त्यांना तो श्वास हवा असतो. यंत्राचा सूर जिवंत वाटतो तो या अर्ध्या कंपनाच्या फरकामुळे.

आणि मग सीक्वेन्सर. ही एक पेटी आहे. मूगच्या सीक्वेन्सरमध्ये आठ घरं असतात. प्रत्येक घराची चावी फिरवून एक सूर लावून ठेवायचा आणि पेटी सोडून द्यायची. ती आठ सूर न थकता फिरवत राहते. लोक म्हणतात, हे काय संगीत, बटण दाबलं आणि झालं! पण कलावंत त्या वेळी फिल्टरवर हात ठेवून बसलेला असतो. आठ सूर तेच असतात, पण चाळणी हळूहळू उघडते, तसा मातीच्या भांड्यासारखा आवाज तांब्यासारखा आणि मग काचेसारखा होतो. त्यात दुसरी पेटी सात घरांवर लावली की मजा बघा: आठाचं आवर्तन आणि साताचं आवर्तन एकत्र सुटलं तर दोघांची सम पुन्हा ५६ ठोक्यांनी जुळते. मधले सगळे ठोके नव्या नव्या जोड्या. कान त्यात नक्षी शोधत राहतो आणि त्याला ती सापडतही राहते.

म्हणजे 'काहीच घडत नाही' हे खरं नाही. घडतं, पण घड्याळाच्या तासकाट्यासारखं. तासकाटा हलताना दिसत नाही. पाच मिनिटांनी बघितलं तर तो जागेवर नसतो.

आता बर्लिनच का? हा भाग मला फौजी म्हणून जास्त जवळचा आहे. एडगर फ्रोझ यांची जन्मतारीख ६ जून १९४४. आमच्यातला कुणीही ही तारीख ऐकून थांबेल: मित्रसैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस. जन्मगाव टिल्सिट, पूर्व प्रशियात. आज ते रशियात आहे आणि त्याचं नावही बदललंय. शुल्झ १९४७ चे. ही पिढी ढिगाऱ्यात वाढली. १९६१ पासून पश्चिम बर्लिनभोवती भिंत. त्या शहरात राहणाऱ्या तरुणांना पश्चिम जर्मनीची सक्तीची लष्करभरती लागू नव्हती, म्हणून सैन्यात जायचं नसलेली कितीतरी मुलं तिथे येऊन राहिली. त्यांच्यासमोर संगीत कोणतं होतं? एकीकडे अमेरिकन-ब्रिटिश रॉक, ते परक्याचं. दुसरीकडे आजोबांची गाणी आणि मार्च. ते नाझींनी असे वापरले होते की तोंडात घ्यायची लाज वाटावी. मग या पोरांनी असं संगीत शोधलं ज्याला झेंडा नाही, भाषा नाही आणि ज्यावर पाय टाकून चालता येत नाही.

मी तेहतीस वर्षं मिनिटाला १२० पावलांच्या तालावर चाललो आहे. बँड वाजला की आजही पाठ आपोआप ताठ होते, आणि त्याचा मला अभिमान आहे. मार्चचं काम आहे हजार पायांचं एक पाऊल करणं. हे दुसरं संगीत मला पहिल्यांदा भावलं ते एवढ्यासाठी की त्यात मला कुणीच काही करायला सांगत नव्हतं. सैन्य टाळायला बर्लिनला आलेल्या पोरांनी केलेलं संगीत एका फौजी माणसाच्या उपयोगी पडावं, याची मला गंमत वाटते. ती पोरं मला समोर भेटली असती तर आमचं फारसं जमलं नसतं.

१९७४ च्या डिसेंबरमध्ये याच टँजरीन ड्रीमनं फ्रान्समध्ये रॅंसच्या कॅथेड्रलमध्ये मैफल केली. गर्दी इतकी लोटली की जागा पुरली नाही, आणि मागे राहिलेल्या घाणीवरून पुढे बरीच बोंबाबोंब झाली. ते असो. पण ती वास्तू बघा: १९१४ मध्ये जर्मन तोफांनी ती जाळली होती, आणि १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या त्या याच गावात. तिथे साठ वर्षांनी तीन जर्मन जातात आणि अंधारात एकही शब्द न उच्चारता वाजवतात. मला ही गोष्ट सैनिकी इतिहासाच्या वर्गात सांगण्याजोगी वाटते.

आपल्याकडच्या श्रोत्यांना या संगीतात एक ओळखीची गोष्ट ऐकू येते, ती म्हणजे तंबोरा. आणि हा नुसता भास नाही. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांकडे कधी गेलात तर घोडीवर जवारी लावताना बघा. तारेखाली सुती दोरा सरकवत जातात आणि एका जागी तार अचानक बोलायला लागते. सूर तोच राहतो, पण त्याच्या पोटातले वरचे स्वर एकामागून एक उमलतात आणि मिटतात. सिंथेसायझरचा फिल्टर हाच परिणाम विजेवर घडवतो. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेला गेले. ते अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. मिरजेला चिरविश्रांती घेत असलेले अब्दुल करीम खाँसाहेब याच घराण्याचे. तिथे ला माँट यंग आणि टेरी रायली या अमेरिकन संगीतकारांनी प्राणनाथांचं रीतसर शिष्यत्व पत्करलं. याच रायली यांच्या फिरत्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचना बर्लिनमध्येही ऐकल्या जात होत्या. गॉटशिंग त्यांचं ऋण मानत. म्हणून सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसलेल्या कानाला या संगीताची धाटणी पूर्ण परकी वाटत नाही. आलाप विलंबित सुरू झाला की 'गाणं कधी सुरू होणार' असं आपण विचारत नाही. ते सुरू झालेलंच असतं.

भारतात हे यंत्रही फार लवकर आलं होतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा करून दिला. यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता. त्या, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा काही जणांनी १९७२ पर्यंत त्यावर प्रयोग केले. मग ते थांबलं आणि टेपा कपाटात गेल्या. त्या पुन्हा सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. बर्लिनवाल्यांची 'फेड्रा' व्हायच्या आधी अहमदाबादेत हे चाललं होतं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मुंबईचे चित्रपट-वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवले. ती रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशी जाणकार चकित झाले. ते संगीत आजच्या विषयापेक्षा जास्त नाचरं आहे, पण सीक्वेन्सरची पेटी तीच. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर नव्वदीच्या दशकात जे ट्रान्स संगीत वाढलं, तेही याच कुटुंबातलं, फक्त नाडी दुप्पट. मला ते पंधरा मिनिटांपलीकडे सोसत नाही. वय झालं.

आता माझ्या मते या संगीताची खरी ओढ कशात आहे ते सांगतो.

थंडीत एका उंच ठाण्यावर माझ्या हाताखाली एक डिटॅचमेंट होती. पेट्रोलिंग पार्टी बाहेर गेली की रात्रभर सेटवर कुणीतरी कान लावून बसायचं. ठरल्या वेळी त्यांचा कॉल यायला हवा. तो येईपर्यंत हेडफोनमध्ये नुसती खरखर, मधूनच एखादी शिट्टी दुरून येऊन सरकत जाणारी, कुणाच्या तरी परक्या स्टेशनचं कुजबुजणं. त्या खरखरीत कान इतका तीक्ष्ण होतो की तिच्यात शंभर रंग दिसायला लागतात. एका रात्री कॉल तासभर उशिरा आला. सगळे सुखरूप होते, बॅटरी गारठली होती. पण तो तास मी आणि माझा हवालदार एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. अशी ऐकण्याची सवय लागली की ती निवृत्तीच्या दिवशी युनिफॉर्मबरोबर पेटीत जात नाही. महूला घर बांधून राहिलो, तरी रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि कान उगाचच काहीतरी शोधत राहायचा. घरातली शांतता अंगावर यायची.

एका रात्री हेडफोनवर शुल्झ यांचं 'टाइमविंड' लावलं. १९७५ ची रेकॉर्ड, दोनच रचना, प्रत्येकी साधारण अर्ध्या तासाची. आणि माझ्या लक्षात आलं की कान तेच काम करतोय, तसाच सावध, तशीच बारीक बारीक हालचाल टिपणारा. पण कुणाचा कॉल यायचा नाहीये. वाट बघणं आहे, भीती नाही. माझ्यासाठी सगळं आकर्षण इथे आहे. तुमच्यातल्या ज्यांनी आयसीयूच्या बाहेर रात्री काढल्यात, परदेशातल्या मुलाच्या फोनची वाट बघितलीय, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. हे औषध आहे असा माझा मुळीच दावा नाही. झोपेची तक्रार असेल तर डॉक्टरकडे जा.

याच कारणानं मला 'गाढ झोपेसाठी आठ तास' असल्या रेकॉर्डिंगांचा राग येतो. ते तासकाटाच नसलेलं घड्याळ आहे. फरक ओळखायची माझी रीत सोपी आहे: दुसऱ्या मिनिटाला ऐका, मग एकदम बाराव्यावर जा. तेच चालू असेल तर तो भिंतीचा रंग. 'फेड्रा'त तुम्ही दुसऱ्याच मुलखात पोचलेले असता.

ब्रायन ईनो यांचं मात्र या रांगेत वेगळं ताट मांडलं पाहिजे. १९७५ मध्ये अपघातानंतर ते अंथरुणावर होते. वीणेच्या जातीच्या हार्प या वाद्याची रेकॉर्ड कुणी लावून गेलं, आवाज फारच बारीक राहिला आणि उठून तो वाढवायची ताकद नव्हती. बाहेरच्या पावसात मिसळलेलं ते संगीत ऐकता ऐकता त्यांना एक नवी वाट दिसली. १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मध्ये एके ठिकाणी त्यांनी गाणाऱ्या गळ्यांचे सुटे सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेपांवर फिरवत ठेवले. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळजवळ सव्वीस, तिसरा तिसाच्या आसपास. ते पुन्हा त्याच जुळणीत सहजासहजी येत नाहीत. 'अँबियंट' हे नाव तिथून रूढ झालं. हे लक्ष देऊन ऐका किंवा देऊ नका, दोन्ही चालतं. शुल्झ यांचं तसं नाही, ते लक्ष मागतात.

सुरुवात कुठून करावी? 'त्साइट'पासून करू नका. टँजरीन ड्रीमची १९७२ ची ही जोड-रेकॉर्ड चार बाजूंना चार रचना अशी आहे, चार चेलोवाद्यांनी सुरू होते आणि मग खरोखरच जवळजवळ थांबते. मला ती आवडते, पण नवख्याला ती द्यायची म्हणजे भरती झाल्या दिवशी चाळीस किलोमीटरचा रूट मार्च. आधी झाँ-मिशेल जार यांचं १९७६ चं 'ऑक्सिजेन' घ्या. पॅरिसमध्ये घरच्या घरी केलेलं, त्यात गुणगुणता येतील अशा चाली आहेत. मग 'फेड्रा', मग 'टाइमविंड'. गॉटशिंग यांचं 'ई२-ई४' मोकळी संध्याकाळ असेल तेव्हा. बुद्धिबळाच्या पहिल्या चालीचं नाव, डिसेंबर १९८१ मध्ये एकट्यानं एका बैठकीत वाजवलेला जवळपास तास, मूळ स्वरसंगती दोनच. टँजरीन ड्रीमच्या नावावर शंभराहून अधिक रेकॉर्ड आहेत, त्यातलं १९८० नंतरचं बरंचसं सोडलंत तरी चालेल. हे माझं मत, भांडायला मोकळे आहात.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचे सूर त्यात येतच नाहीत आणि मग खरंच फ्रिजच उरतो. साधे वायरचे हेडफोन पुरतात. आवाज मध्यम ठेवा. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, तो येऊ द्या. आणि बडोद्याच्या साहेबांनी 'फेड्रा' पुन्हा लावून शेवटची चार मिनिटं नीट ऐकावीत, यंत्र तापलेलं ऐकू येतं का ते मला कळवावं.